एकही पान गळलं नाही

१४ सप्टेंबर, रविवार

किळस. दुसरा शब्द नाही. सकाळी चहाचा कप घेऊन पुढच्या बागेत गेलो, तर बॉक्स नावाच्या बारीक पानांच्या झुडपांचे माझे सगळे गोळे अळ्यांनी खाऊन फस्त केलेले. इतकी वर्षं कात्रीने राखलेले गोळे. आता नुसत्या काड्या, काड्यांवर जाळी, आणि जाळीत अळ्यांची हिरवी घाण. एका अळीला बोटाने उडवायला गेलो तर ती फुटली. चहा ओतून दिला.

बायको म्हणून ऑड्रीने दोन शब्द सहानुभूतीचे बोलायला काय हरकत होती? म्हणाली, पाखरं फुलझाडं उकरतात म्हणून तूच चकाकत्या पट्ट्या टांगून त्यांना हाकललंस ना, मग आता अळ्या कोण खाणार, तू?

निश्चय: उद्यापासून चिडायचं नाही.

१५ सप्टेंबर

चिडलो. पण त्याला मिसेस बफ्टन कारण. ह्या आमच्या शेजारीण. कुंपणावरून मान काढून म्हणाल्या, अरेरे मिस्टर प्रीस, तुमच्या बागेला खरूज झालीय की काय? जूनमध्ये खुल्या बागांचा रविवार असतो. सगळं गाव एकमेकांच्या बागांतून फिरतं, केक खातं आणि घरी जाऊन नावं ठेवतं. त्याच्या कमिटीच्या अध्यक्ष ह्याच. कोणाची बाग यादीत घ्यायची ते ह्या ठरवणार, आणि ह्यांच्या स्वतःच्या बागेत चिनीमातीची बदकं!

२१ सप्टेंबर, रविवार

मार्ग सापडला. रविवारच्या पुरवणीत लेख आहे. फुलं काय, आज आहेत उद्या नाहीत. बागेला कणा हवा, म्हणजे हिवाळ्यात सगळं झडलं तरी ताठ उभं राहील असं सदाहरित झुडूप. त्यात पहिला मान हॉलीचा. काटेरी, चकचकीत, अळ्या तोंड लावत नाहीत. कात्रीने हवा तो आकार द्या, शंभर वर्षं तस्सा राहतो.

ऑड्रीला वाचून दाखवलं. बागेला कणा हवा, म्हटलं. म्हणाली, हवाच, घरात कोणाला तरी असू दे.

विनोद करते अधूनमधून.

२८ सप्टेंबर

रोपवाटिकेत जाऊन आलो. शिसारी आली. हॉलीची रोपं घोट्याएवढी. विकणारा म्हणतो, साहेब, हॉली सावकाश वाढते, वर्षाला वीतभर. म्हणजे हिचा कणा होईस्तोवर माझा वाकलेला असणार. शिवाय तिथला चहा कोमट होता आणि बशीत आधीच्या कोणाची तरी बिस्किटं भिजून पडली होती.

परत येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याकडे आहे की! मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. माझ्यापेक्षा हातभर उंच, भरगच्च, सरळसोट. विनाकारण मागे पडून आहे. तिथे बघतं कोण त्याच्याकडे?

२९ सप्टेंबर

ऑड्री बघते म्हणे.

मी नीट समजावून सांगितलं, की झाड मारायचं नाहीये, फक्त पुढे आणून हिरवळीच्या मधोमध लावायचंय. ती म्हणाली, नाही. मी कारणं सांगायला लागलो. ती म्हणाली, नॉर्मन, ते माझ्या बाबांचं झाड आहे, हात लावायचा नाही.

वास्तविक ते सासऱ्यांचं झाड नाही. ते गेले त्या डिसेंबरात त्यांच्या थडग्यावर हॉलीचं कडं ठेवलं होतं, त्यातली लाल फळं हिने खिशातून घरी आणून पुरली. झाड उगवायलाच दोन हिवाळे गेले. तेव्हा रोज सकाळी कुंडीपाशी जाऊन उभी राहायची. म्हणजे झाड हिचं. आणि जे हिचं ते आमचं दोघांचं. तर्काने पाहिलं तर वादच नाही.

३ ऑक्टोबर

गेथिनला बोलावलं. त्याच्याकडे खोदायचं यंत्र आहे. झाड पाहिलं आणि बुवाने यंत्र गाडीतून उतरवलंच नाही. म्हणाला, हॉलीला आपण हात लावत नाही. इथले कुंपण कापणारेसुद्धा मध्ये हॉली आली की तेवढी सोडून पुढे जातात हे मला माहीत आहे, पण निदान यंत्रवाल्याने तरी अडाणीपणा करू नये. म्हणाला, फांदी न्या ख्रिसमसला, झाड पाडायचं नसतं. आमच्या बापाने पाडलं आणि महिन्याभरात शिडीवरून पडून पाय मोडून घेतला. मी म्हटलं, अरे बाबा, पाडायचं नाही, हलवायचंय. तर म्हणतो, तो फरक झाडाला कळणार आहे का?

वर माझ्याच हातची दोन सँडविच खाऊन गेला. तिटकारा आला सगळ्या गावाचा.

११ ऑक्टोबर, शनिवार

फत्ते! एकट्याने!

ऑड्री चर्चमध्ये सुगीच्या सणाच्या जेवणाची तयारी करायला गेली होती. सगळा दिवस हाताशी. आधी कुदळीने भोवती खणलं. मुळं फार खोल, आणि आडमुठी. मग बुंध्याला दोर बांधला, दुसरं टोक गाडीला, आणि हळूच गाडी पुढे घेतली. काही झालं नाही. जरा जोरात घेतली. कडाड आवाज झाला आणि झाड आलं. लांबलचक वाढीव मुळं होती ती तिथेच तुटून राहिली, उरलेली करवतीने नीटस केली. मुळांना गोलाकार दिला. घराच्या बाजूने ओढत आणताना हिरवळीवर चर पडला, तो बुजेल.

हिरवळीच्या मधोमध उभं केलं. आधाराला एक खुंट, बांधायला माझे दोन जुने टाय. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. घराला पहिल्यांदा काहीतरी भारदस्तपणा आला.

ऑड्री परतली. फाटकातच थांबली. टोपीही काढली नाही. मी म्हटलं, कसं वाटतंय? ती मागे गेली. खड्ड्यापाशी गुडघे टेकून बसलेली दिसली. झाडाची एक खालची फांदी मातीला टेकून तिथे तिला मुळं फुटली होती, दाब कलम होतं तसं. ओढाताणीत ती तुटून पडली होती. ती हिने उचलली, कोळशाच्या बादलीत माती भरून लावली. बादली चांगली होती.

भारावून गेली असावी.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऑड्री काही दिवस ग्लेनिसकडे गेली. ग्लेनिस म्हणजे माझी थोरली मेव्हणी, नदीपलीकडे राहते, विधवा, तोंडाची फाटकी. तिचा गुडघा दुखतोय म्हणे. ऑड्रीने दोन सुटकेसा नेल्या, जाड कोट नेला, कोळशाची बादली नेली आणि सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळही नेलं. घड्याळ मागे पडायचं अलीकडे. ग्लेनिसच्या गावात दुरुस्तीवाला आहे, बरं झालं परस्पर काम होईल.

रात्री उकडलेली अंडी खाल्ली. एक कच्चं निघालं. छी.

२० ऑक्टोबर

झाड अत्युत्तम. एकही पान गळलेलं नाही!

ऑड्रीचा फोन. पहिला प्रश्न हाच, पानं गळली का? मी अभिमानाने म्हटलं, एकही नाही. मग म्हणाली, ओह, नॉर्मन.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कामगिरीने हिचा आवाज असा दाटून आल्याचं आठवत नाही. तिची ती बादलीतली काडी मात्र पानं टाकायला लागलीय म्हणे. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, प्रत्येकाच्या हाताला यश नसतं. ती काही सांगायला लागली होती, पण आधी सदाहरित म्हणजे काय हे तिला सविस्तर समजावून द्यावं असं वाटलं. समजावेपर्यंत ग्लेनिसने हाक मारली म्हणून फोन ठेवला.

५ नोव्हेंबर

दर पाच नोव्हेंबरची गावची शेकोटी. ओकारी येईल असे सॉसेज, बाहेरून कोळसा आणि आतून गुलाबी. फटाक्यांचा धूर. मिसेस बफ्टन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ऑड्री दिसत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मेव्हणीचा गुडघा. हो का, म्हणाल्या, परवा ग्लेनिस बाजारात भेटली, बटाट्याचं पोतं खांद्यावर टाकून चालली होती हो.

मी विषय बदलून हॉलीकडे नेला. तर म्हणाल्या, माझ्या काकांनीही एक हलवली होती, पार टकली झाली होती बिचारी, आणि मग... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, मिसेस बफ्टन, तुमच्या काकांचं वाईट झालं, पण माझ्या झाडाचं पान हललेलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सॉसेज संपवायला गेल्या. मत्सर माणसाला गप्प करतो.

३० नोव्हेंबर

थंडी. ऑड्री यायची आहे अजून. मोजे सापडत नाहीत. सापडले ते ओले होते.

२४ डिसेंबर

हॉली आजच्या आधी घरात आणायची नाही हा ऑड्रीचा नियम. ती नसली तरी पाळला. आज डहाळ्या कापल्या आणि दरवर्षी ती लावते तशा तसबिरींवर, आरशावर, तिच्या खुर्चीमागे लावल्या. तिच्यासारख्या नीट बसल्या नाहीत. कापताना कटकट आवाज येत होता. खणखणीत झाड.

ऑड्री उद्या येणार नाही. ग्लेनिसचा गुडघा. हा गुडघा आहे की काय आहे? मी विचारलं, तुझी काडी कशी आहे? म्हणाली, सगळी पानं गेली, आता नुसती बादलीत उभी आहे. मला मनातून बरं वाटलं. काडी मेली म्हणून नाही, मी असा हलका माणूस नाही. बादलीत आहे म्हणून. ज्याला राहायचं असतं तो जमिनीत लावतो. बादलीतलं झाड म्हणजे परतीचं तिकीट. हे मला एकदम सुचलं आणि मी टिनमधलं सूप पूर्ण प्यायलो.

मिसेस बफ्टननी ख्रिसमसचे मनुका भरलेले गोड मिन्स पाय आणून दिले. ओला भुसा.

६ जानेवारी

आज डहाळ्या काढायचा दिवस. काढल्या नाहीत. इतक्या ताज्या राहिल्यात की काढवेनात. इतर वर्षी ह्या सुमारास गालिचाभर पानं पडतात आणि ऑड्री झाडू घेऊन माझ्या पायाशी पाय उचल पाय उचल करते. यंदा एक पान नाही. झाडाची जात सुधारली माझ्याकडे. ऑड्री आली की काढू.

२२ फेब्रुवारी, रविवार

आकार दिला! विजेच्या कात्रीने उलट्या शंकूसारखा... नाही, सुलट्या. खाली रुंद, वर निमुळता. कापलेल्या फांद्या आतून तपकिरी निघाल्या, हिवाळ्यात झोपलेलं लाकूड असंच असणार. काटे मात्र भलतेच कडक झालेत. हाताला सोलून काढलं. रक्ताने कोपरापर्यंत माखलो, ते पाहून मलाच मळमळलं.

रंग थोडा बदललाय. ब्राँझसारखी झाक. प्रौढपणा.

१५ मार्च, रविवार

सगळे आईसाठी फुलं नेतात तो दिवस. मी ऑड्रीसाठी डॅफोडिल्स घेऊन ग्लेनिसकडे गेलो. दार ग्लेनिसने उघडलं. मला पाहून म्हणाली, कोणीतरी मेलं का? मग आत घेतलं. कपात चहापेक्षा कपाला लागलेली जुनी साय जास्त. माझ्यासमोर कोळशाचा हारा उचलून दोन पायऱ्या एकदम चढली. गुडघा उत्तम आहे म्हणजे. ऑड्री लवकरच येणार!

सासऱ्यांचं घड्याळ ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात टांगलेलं, टिकटिक करत. दुरुस्त झालंय, बरं.

ऑड्री बारीक झालीय, पण रंग बरा आहे. मला मागच्या अंगणात नेलं. बादलीत ती काडी. नागडी, एक पान नाही. मला हसू आवरेना. ऑड्रीने नखाने काडीची साल जराशी खरवडली आणि म्हणाली, हे बघ. मी तेव्हा तिला शंकूचा उतार हाताने करून दाखवत होतो त्यामुळे बघायचं राहिलं. मग तिने पुन्हा विचारलं, तुझी पानं? मी म्हटलं, जागच्या जागी. ती म्हणाली, तू आलास म्हणून बरं वाटलं. मग म्हणाली, पण तू अजून ऐकत नाहीस.

हे कशाबद्दल होतं ते गाडीत बसल्यावर विचार करूनही कळलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

सगळीकडे ओंगळ उत्साह. मिसेस बफ्टनच्या कुंपणावर कोवळी पानं, तीही तुपकट चमकणारी. पाखरांचा गोंगाट. माझी हॉली ह्या असल्या उठवळपणात पडलेली नाही. कोंब नाही, कळी नाही. संयम आहे तिच्यात.

कस्तुर पक्ष्याची जोडी पूर्वी ह्याच झाडात घरटं करायची. आता मागच्या खड्ड्याच्या काठावर येऊन बसतात आणि इकडे तिकडे बघतात. पाखरांना अक्कल नसते. काल खिडकीतून त्यांच्याकडे बराच वेळ बघत होतो. त्या खिडकीतून दुसरं बघण्यासारखं काही नाही हे खरं. ऑड्री रोज भांडी घासताना तिथे गुणगुणायची. हे मला आत्ता आठवलं.

मिसेस बफ्टन पाहणीला आल्या. झाडाभोवती फेरी मारली. म्हणाल्या, मिस्टर प्रीस, हे जरा... शांत दिसतंय. मी म्हटलं, कणा नाचत नाही, मिसेस बफ्टन. त्यांनी माझी बाग यादीत घेतली. माझ्या दंडावर थोपटून गेल्या. त्या बाईने आजवर कोणाला थोपटलेलं पाहिलं नाही. विजय.

१० मे, रविवार

ऑड्री येणार! खुल्या बागांच्या रविवारी! स्वतःहून म्हणाली. मी फोन ठेवून जिन्यावर बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. मला वाटत होतं की मला राग आहे तिचा. राग नव्हता. मला ती घरात हवी आहे, झाडू घेऊन, पाय उचल म्हणत.

फोनवर म्हणाली, एक काम करशील का, बाहेर जा आणि एक पान ओढून बघ. मी म्हटलं, छे, झाडाला इजा का करू? ती म्हणाली, बरं.

निश्चय: घर लख्ख करायचं. सिंकमध्ये जे काही उगवलंय त्याचं नाव मला माहीत नाही, पण ते जाणार.

२ जून

ब्राँझची झाक जरा वाढली. उन्हात तर पिवळट दिसतं. जवळून पाहिलं तर पानं उत्तम, एकूण एक जागेवर, फक्त रंग. लोकांना रंगापलीकडे काही दिसत नाही ही ह्या देशाची शोकांतिका आहे.

फुटबॉलची मैदानं हिरवी दाखवायला मारतात तो रंग मिळतो. फवारला. ही फसवणूक नाही. आपण भिंतीला रंग देतो तेव्हा भिंत खोटी होते का? फवारताना वारा फिरला आणि दाढीही हिरवी झाली. साबणाने गेली नाही. चव अतिशय घाण.

१३ जून, शनिवार

ऑड्रीच्या बाजूचा पलंग झाडला. चादर बदलली. तिच्या आवडीचा चहा आणला, तो धुरकट वासाचा, ज्याचा मला नेहमी तिटकारा होता. आज डबा उघडून वास घेतला. इतका वाईट नाही. कपाटाचा अर्धा भाग रिकामा करायला गेलो, तर तो रिकामाच होता.

डहाळ्या अजून तसबिरींवर आहेत. असू देत. तिला दाखवू, पानं कशी टिकली ती.

१४ जून, रविवार

लिहायलाच हवं का? लिहितो.

ऊन कडक. पहाटे रंगाचा आणखी एक हात फवारला होता. सकाळपासून गर्दी. माझ्या बागेत बाकी बघण्यासारखं काही नसल्यामुळे सगळे हॉलीभोवती. काय सुंदर, म्हणाले. हिरवी आहे हो, म्हणाले. मग मिसेस बफ्टन त्यांचा पांढरा कोट घालून आल्या आणि गर्दीत झाडाला टेकल्या. दूर झाल्या तेव्हा पाठीवर हॉलीचा हिरवा छाप. ज्यांनी ज्यांनी झाडाला हात लावला होता ते सगळे आपले तळवे बघायला लागले. केकच्या टेबलावरची पांढरी चादर, चर्चच्या पाद्र्याची बाही, सगळीकडे हिरवे पंजे. मिसेस बफ्टन म्हणाल्या, मिस्टर प्रीस, जरा सावलीत बसता का? आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

ऑड्री तेव्हाच फाटकातून आली. ग्लेनिस मागे गाडीत बसून राहिली.

माझ्या हिरव्या दाढीकडे पाहिलं. मग सरळ झाडापाशी गेली. एक पान धरून ओढलं. निघेना. जोरात ओढलं, तर फांदीचा तुकडाच मोडून हातात आला, पान त्याला चिकटलेलं. नखाने साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं. म्हणाली, मागच्या वर्षीच मेलंय हे, नॉर्मन.

मी म्हटलं, पण एकही पान गळलं नाही.

ती म्हणाली, तेच तर. हलवल्यावर हॉली जिवंत असली तर पानं टाकते. स्वतःच टाकते, मग मुळं धरते, मग नवी पानं येतात. मेलेल्या झाडाला पानं टाकायचीही ताकद नसते, ती तशीच लटकतात. बाबांनी शिकवलं होतं. तुला फोनवर सांगणार होते, तर तू मला सदाहरित म्हणजे काय ते शिकवत बसलास.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मी विचारलं, बादलीतलं? तिचा चेहरा बदलला. फुटलं, म्हणाली, पाऊस पडला एप्रिलमध्ये आणि टोकापासून बुडापर्यंत फुटलं. पानं इतकी कोवळी आहेत की काटेसुद्धा टोचत नाहीत. मला खरंच आनंद झाला. मी म्हटलं, मग आण ना ते घेऊन, मागचा खड्डा मी बुजवलेला नाही, खिडकीसमोर लावू, तिथेच, मी हातसुद्धा लावणार नाही त्याला, तू म्हणशील तितकं दूर राहीन.

ती म्हणाली, बादलीत नाहीये ते आता. ग्लेनिसच्या भिंतीशी जमिनीत लावलं. एप्रिलमध्येच.

मी म्हटलं, काढू जपून, गेथिनला सांगू. गेथिन हात लावणार नाही हे मला बोलतानाच आठवलं.

ती म्हणाली, एकदा हलवलेलं सोसलं त्याने, नॉर्मन. दुसऱ्यांदा नाही सोसणार.

मग हिरवे हात धुवायला आत स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभा होतो. तिने सिंक पाहिलं, म्हणाली, स्वच्छ ठेवलंयस. हात धुऊन झाल्यावरही नळ चालू ठेवून खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर खड्डा आणि काठावर कस्तुर. चहा करू का, विचारलं, तुझा तो आणलाय. म्हणाली, नको, ग्लेनिस थांबलीय. डबा मात्र हातात घेऊन पाहिला आणि परत फळीवर ठेवला.

१५ जून

सकाळी बाहेर जाऊन एक पान ओढलं. निघालं नाही.

मिसेस बफ्टनचा कोट धुऊन द्यायला हवा. त्या म्हणाल्या, राहू दे हो, जुनाच होता. दुपारी केकचा मोठा तुकडा कुंपणावर ठेवून गेल्या. चांगला होता. सगळा खाल्ला.

मग ख्रिसमसच्या डहाळ्या काढायला घेतल्या. आरशावरच्या काढल्या, तसबिरींवरच्या काढल्या. ऑड्रीच्या खुर्चीमागची राहिली आहे. तिला हात लावला नाही. समोर बसलो आणि निदान हिचं तरी एक पान गळतंय का ते बघत राहिलो. गालिचा स्वच्छ आहे.